दुपारी दीडची योजना : पाळणाघरासाठी वादळ, पूर, वीज आणि उष्म्याची तयारी

आमच्या पाळणाघराची पहिली आपत्कालीन योजना सकाळी दहाची होती. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण वाचलं की कळायचं. सगळ्या ताई हजर, सगळी मुलं जागी, सगळ्यांच्या पायात बूट, संचालिका फोनजवळ. अशा वेळी वादळ आलं तर कोणीही निभावून नेईल.

खरी परीक्षा दुपारी दीडला असते. मुलं जेवून झोपलेली. पडदे ओढून खोलीत अंधार केलेला. तान्ह्यांपैकी एकाचा आत्ताच कुठे डोळा लागलाय. एक ताई जेवायला बाहेर, संचालिका बँकेत, बुटांचा ढीग दाराशी. आणि आभाळ भरून येऊन पहिला गडगडाट ऐकू येतो. पुढची प्रत्येक पायरी मी या दीडच्या वेळेला लावून पाहिली आहे. तुमच्या योजनेलाही तीच वेळ लावून बघा. माणसं कमी, मुलं झोपेत, वीज गेलेली.

पहिली पायरी : इमारत आणि परिसर फिरून बघा

एक वही घ्या आणि शक्यतो पाऊस पडत असतानाच पाळणाघराभोवती एक फेरी मारा. कोरड्या दिवशी न दिसणाऱ्या गोष्टी त्या फेरीत दिसतात. पाणी कुठून वाहत येतं, कुठे तुंबतं, दाराच्या उंबऱ्यापर्यंत किती वेळात पोचतं. वर बघा. वाळलेल्या फांद्या, सैल पत्रे, जाहिरातीचे फलक, छतावरची पाण्याची टाकी, लोंबकळत्या तारा. आत या आणि प्रत्येक खोलीतली काच मोजा. मग त्या भागात वर्षानुवर्षं राहणाऱ्या कोणाला तरी विचारा, की पाणी पूर्वी कुठवर चढलं होतं. भिंतीवरचे जुने ओलीचे डागही बरंच सांगतात.

त्यानंतर तुमच्याकडे येऊ शकणाऱ्या संकटांची यादी करा आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा : हाताशी वेळ किती मिळणार. उष्णतेची लाट आणि चक्रीवादळ यांची चाहूल बहुतेक वेळा काही दिवस आधी लागते. मोठ्या नदीच्या पुराची काही तास ते एखादा दिवस. अतिवृष्टीनंतरचा अचानक पूर सहा तासांच्या आत, कधी कधी तासाभरातही येतो. विजांचं वादळ अर्ध्या-पाऊण तासात डोक्यावर येतं आणि चक्रवाती वावटळ (टॉर्नेडो) आली तर हातात मिनिटंच असतात. ज्याला दिवस मिळतात त्याची योजना ‘पाळणाघर बंद ठेवायचं का’ इथून सुरू होते. ज्याला मिनिटं मिळतात त्याची ‘कोणत्या खोलीत जायचं’ इथून. दोन्ही एकाच पानावर कोंबल्या की ऐन वेळी कोणालाच काही सापडत नाही. म्हणून प्रत्येक संकटाला वेगळं पान, मोठ्या अक्षरात, जास्तीत जास्त सात-आठ ओळींचं.

दुसरी पायरी : निर्णय आधीच घेऊन ठेवा

आणीबाणीत माणसं चुकतात ती बहुधा ठरवायला वेळ घेतल्यामुळे. ‘अजून थोडं बघू’ हे वाक्य फार महागात पडतं. म्हणून ठरवण्याचं काम शांत दिवशी उरकून टाका आणि अटी लिहून ठेवा. उदाहरणार्थ :

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा सर्वांत वरच्या पातळीचा इशारा आला, तर उद्या पाळणाघर बंद. मधल्या पातळीचा आला, तर उघडं, पण त्या दिवशी कोणीही ताई जेवायला बाहेर जाणार नाही आणि मुलांना मैदानात नेणार नाही. गडगडाट ऐकू आला, तर विचारायला न थांबता सगळे आत. अंगणातलं पाणी अमुक पायरीला टेकलं, तर वरचा मजला. त्या पायरीवर रंगाची रेघ मारून ठेवा, म्हणजे वाद होत नाही.

इशाऱ्यांच्या पातळ्या प्रत्येक देशात थोड्या वेगळ्या असतात, पण ‘परिस्थिती तयार होतेय, सावध राहा’ आणि ‘संकट आलंय, आत्ता कृती करा’ हा फरक जवळपास सगळीकडे केलेला असतो. तुमच्याकडे त्यासाठी कोणते शब्द किंवा रंग वापरतात, ते प्रत्येक ताईला पाठ हवेत. माहिती अधिकृत हवामान खात्याकडून किंवा आपत्ती व्यवस्थापन विभागाकडूनच घ्या. फिरत आलेल्या संदेशांवर एकदाही निर्णय घेऊ नका. माहितीचे दोन मार्ग ठेवा, एक फोन आणि एक सेलवर चालणारा रेडिओ. टॉवर बंद पडला तरी रेडिओ चालतो.

निर्णय कोण घेणार हेही लिहा. संचालिका, ती नसेल तर कोण, तीही नसेल तर कोण. तिसरं नाव लिहिताना लोक हसतात. पण दीड वाजता बहुतेक वेळा तिसरंच नाव इमारतीत असतं. त्या तिसरीला पूर्ण अधिकार हवा. फोन लागेपर्यंत तिने वाट बघायची नाही आणि उगाच धावपळ केली म्हणून नंतर कोणी तिला बोल लावायचा नाही. हे शेवटचं तिला सगळ्यांसमोर सांगा.

बंद ठेवण्याच्या निर्णयावर पालक नाराज होतात, कारण त्यांना कामावर जायचं असतं. म्हणून ही अट प्रवेशाच्या वेळीच कागदावर द्या आणि त्यावर सही घ्या.

तिसरी पायरी : मुलं किती आणि कोणती

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. संकटाच्या प्रत्येक क्षणी, आत्ता इथे कोणकोणती मुलं आहेत, हे तुम्हाला कागद बघून सांगता आलं पाहिजे.

आमच्याकडे पहिल्या सरावाच्या वेळी हजेरीपट ऑफिसच्या कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली बँकेत गेलेल्या संचालिकेच्या पर्समध्ये. तेव्हापासून हजेरीपट दाराजवळच्या खिळ्यावर, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीसकट. मूल आलं की वेळ लिहायची, गेलं की वेळ लिहायची. मोबाइलमधलं ॲप असेल तर असू दे, पण कागद हवाच. वीज आणि नेटवर्क दोन्ही गेल्यावर तोच हाताशी राहतो.

नुसता आकडा मोजून भागत नाही. ‘एकवीस आहेत ना, मग झालं’ असं म्हणता म्हणता शेजारच्या वर्गातलं एक मूल मोजलं जातं आणि आपलं एक राहून जातं. नाव घ्यायचं, चेहरा बघायचा, खूण करायची. हे तीनदा. निघण्याआधी, पोचल्यावर आणि कोणत्याही कारणाने जागा बदलली की पुन्हा. घाबरलेली दोन-तीन वर्षांची मुलं पळून जात नाहीत, ती लपतात. पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटात, संडासात दार लावून. म्हणून निघताना शेवटच्या ताईने प्रत्येक खोलीत वाकून, अगदी जमिनीच्या पातळीवरून बघायचं आणि बघून झालेल्या खोलीचं दार ओढून घ्यायचं.

ज्या मुलाला स्वतःचं पूर्ण नाव सांगता येत नाही, त्याच्या अंगावर ओळख हवी. मनगटाला किंवा घोट्याला कापडी पट्टी, त्यावर नाव आणि पाळणाघराचा फोन. पट्ट्या आधी लिहून, वर्गवार पिशवीत ठेवा. २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना चक्रीवादळानंतर पाच हजारांहून अधिक मुलांची ‘बेपत्ता किंवा कुटुंबापासून ताटातूट’ अशी नोंद झाली होती आणि शेवटचं मूल घरच्यांना भेटायला अनेक महिने लागले. त्या गर्दीत तान्ह्या मुलांची ओळख पटवणं ही एक मोठी अडचण होती. एका कापडी पट्टीला इतकं महत्त्व का द्यायचं, ते यावरून कळावं.

चौथी पायरी : हातांचा हिशेब

बहुतेक योजना इथे कोसळतात, म्हणून जरा थांबून हिशेब करू.

समजा २१ मुलं आहेत. ५ तान्ही किंवा रांगणारी, ७ नुकतीच चालायला लागलेली, ९ तीन ते पाच वर्षांची. ताई चार, पण दीड वाजता इमारतीत तीनच. सुरक्षित खोली जिन्याने खाली आहे. एका ताईला दोन तान्ही मुलं सुरक्षितपणे उचलता येतात, म्हणजे पाच तान्ह्यांसाठी तीन ताया लागल्या. मग बाकीच्या सोळा मुलांजवळ कोण? दोन खेपा करायच्या तर पहिल्या खेपेतली मुलं खाली एकटी कोणाजवळ ठेवायची?

उत्तरं असतात, पण ती आधी शोधावी लागतात. जागा त्याच मजल्यावर असेल, तर मोठ्या चाकांचा मजबूत पाळणा फार उपयोगी. आणीबाणीपुरती त्यात चार-पाच तान्ही एका वेळी नेता येतात. तो पाळणा दारातून जातो का, हे टेपने मोजा. मी असा एक पाळणा पाहिलाय, जो दोन बोटं रुंद निघाला. जिना असेल, तर छातीशी बांधायचे झोळीवजा पट्टे घ्या, एक पुढे बांधला की दोन्ही हात मोकळे राहतात. किंवा सरळ तान्ह्यांची खोलीच सुरक्षित जागेच्या मजल्यावर हलवा. आम्ही शेवटी तेच केलं, आणि सगळ्या खटाटोपात सर्वाधिक उपयोगी पडलेला बदल तोच.

दुडदुडणाऱ्या मुलांसाठी जाड दोरी, तिला थोड्या थोड्या अंतरावर गाठी. प्रत्येकाने आपली गाठ धरायची. एक ताई पुढे. मागे मोठ्या मुलांची रांग आणि त्यांच्या शेवटी दुसरी ताई. वरच्या उदाहरणात जागा त्याच मजल्यावर धरली, तरी तान्ह्यांच्या पाळण्यावर एक, दोरीपुढे एक, रांगेमागे एक, अशा तिन्ही ताया गुंतल्या. खोल्या वाकून बघायला कोणीच उरली नाही. ही चौथी जोडी हातांची कुठून आणायची, हाच तुमच्या योजनेतला कळीचा प्रश्न. दोन मार्ग आहेत. इशाऱ्याच्या दिवशी जेवणाची सुट्टी आतच घ्यायची, हा पहिला. शेजारच्या दुकानातली किंवा कचेरीतली दोन विश्वासू माणसं आधी बोलून, ओळखपत्रं तपासून, सरावाला बोलावून तयार ठेवायची, हा दुसरा. ऐन वेळी रस्त्यावरून कोणालाही ‘जरा धरता का’ म्हणून मूल द्यायचं नाही.

चालायला त्रास असणारं, श्वासाचं यंत्र लागणारं, मोठ्या आवाजाने बिथरणारं मूल असेल, तर त्याच्या नावापुढे एका ठरावीक ताईचं नाव लिहा. त्याची औषधं कोणती, किती आणि कधी, हे पालकांच्या सहीने पिशवीत हवं. आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी कान झाकणारे हेडफोन आणि त्याचं रोजचं आवडतं खेळणं, दोन्ही.

पाचवी पायरी : संकटागणिक वेगळी जागा, वेगळे नियम

*वीज.* गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. पाऊस सुरू झालेला नसला तरी. वीज वादळापासून १० किलोमीटरहूनही लांब पडू शकते. चमक आणि आवाज यांच्यात तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर, हे गणित मोठ्या मुलांना शिकवायला छान आहे. पण निर्णयासाठी मोजत बसू नका, ऐकू आला की आत. मैदानातली पत्र्याची शेड, झाडाखालची जागा, तंबू, घसरगुंडीखालचं घरकुल यांतलं काहीही सुरक्षित नाही. पक्की इमारत किंवा पत्र्याच्या टपाची, काचा बंद केलेली गाडी सुरक्षित. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर जायचं नाही आणि मध्ये पुन्हा गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून. आत आल्यावरही नळ वापरायचा नाही. हे पाळणाघरात अवघड जातं, कारण कोणाची ना कोणाची शी धुवायची असतेच. म्हणून ओले पुसायचे कागद भरपूर ठेवा आणि हात धुण्याऐवजी तेवढ्यापुरते तेच वापरा. तारेची उपकरणं बंद, खिडकी-दारांपासून लांब. कोणाला वीज लागलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्या शरीरात विद्युतभार उरलेला नसतो. रुग्णवाहिका बोलवा आणि श्वास थांबला असेल तर लगेच कृत्रिम श्वास व छातीवर दाब सुरू करा. लहान मुलांसाठीची ही पद्धत निदान दोघींनी रीतसर शिकलेली हवी.

*सोसाट्याचा वारा, वावटळ, चक्रीवादळ.* सर्वांत खालचा मजला, इमारतीच्या मध्याकडची, खिडकी नसलेली, शक्यतो लहान खोली. मोठ्या सभागृहाचं छत आधी उडतं. मुलांना भिंतीकडे तोंड करून, गुडघ्यांवर वाकवून, डोक्यावर हात ठेवून बसवायचं. वर गाद्या किंवा जाड पांघरुणं. तान्ह्यांवर मात्र चेहरा झाकेल असं काही टाकायचं नाही, त्यांना ताईच्या अंगाच्या आडोशाला घ्या. ‘दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडा’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि काचेवर चिकटपट्टीची फुली मारूनही काच वाचत नाही. मुख्य काम वारा सुटायच्या आत असतं. अंगणातली खेळणी, कुंड्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, लहान घसरगुंडी आत आणा. वाऱ्यात त्यांचीच अस्त्रं होतात. चक्रीवादळात मध्येच सगळं शांत झालं तर दार उघडू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो, आणि त्यानंतर वारा उलट्या दिशेने तितक्याच जोरात येतो.

*पूर.* इथे दिशा उलटी, वर जायचं. वाऱ्यासाठी तळघर ठरवलं असेल, तर पुरात तेच सापळा ठरतं. म्हणून दोन्ही पानांवर जागेचं नाव ठळक लिहा. वरच्या जागेतून बाहेर पडायला वाट हवी, बंदिस्त माळ्यात चढायचं नाही. मुख्य स्विच पाणी यायच्या आत बंद करा. पाण्यात उभं राहून किंवा ओल्या हाताने नाही. वाहतं पाणी फक्त १५ सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सरकतो, ३० सेंटिमीटरमध्ये लहान गाडी तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. दोरीला धरलेल्या मुलांची रांग घेऊन वाहत्या पाण्यातून जायचा विचारसुद्धा नको. इमारत सोडायची असेल तर रस्ता कोरडा असतानाच सोडायची. पुरानंतर साचलेल्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. मुलांचा हात त्यात जाता कामा नये.

*उष्मा.* याला कोणी आपत्ती म्हणत नाही, कारण काही कोसळत नाही. पण लहान मुलांचं शरीर वजनाच्या मानाने जास्त उष्णता तयार करतं, घाम कमी गाळतं आणि तहान लागली हे तान्हं सांगू शकत नाही. दर अर्ध्या तासाला पाणी पाजायची जबाबदारी ठरवून द्या, ‘मागेल तेव्हा’ यावर सोडू नका. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र वरचं पाणी द्यायचं नाही, दूधच पण जास्त वेळा. ओले लंगोट मोजा. नेहमीपेक्षा बरेच कमी झाले, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल, यातलं काही दिसलं तर डॉक्टर. खोलीचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पंखा थंडावा देत नाही, गरम हवाच अंगावर मारतो. तेव्हा ओली फडकी, सावली आणि जागा बदलणं एवढंच उपयोगी. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून कापड झाकायची सवय असते, त्याने आत भट्टी होते. आणि गाडीत एक मिनिटही मूल सोडायचं नाही. बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे दहा अंशांनी वाढू शकतं. मूल तापलेलं, गोंधळलेलं किंवा बेशुद्ध वाटलं, तर आधी अंग गार करायला लागा, त्याच वेळी दुसरीने रुग्णवाहिका बोलवायची.

*थंडी आणि बर्फ.* अंगावर थरांनी कपडे. पण झोपलेल्या तान्ह्याच्या पाळण्यात सुटी पांघरुणं नकोत, त्याऐवजी अंगात घालायची झोपेची पिशवी. कोळशाची शेगडी खोलीत कधीही पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सहावी पायरी : पिशवी आणि साठा

मुख्य पिशवी एकच, पाठीवर अडकवता येणारी, दारापाशी. तिच्यात हजेरीपटाची प्रत, पालकांचे फोन आणि मुलं नेण्याचा अधिकार असलेल्यांची यादी प्लास्टिकमध्ये, औषधं व त्यांची पत्रकं, प्रथमोपचार, शिट्टी, टॉर्च, रेडिओ, चार्ज केलेली पॉवर बँक, ओळखपट्ट्या. तान्ह्यांची वेगळी पिशवी : डायपर, पुसायचे कागद, कपड्यांचा जोड, निर्जंतुक बाटल्या, डब्याच्या दुधाची पावडर.

आत अडकून पडण्यासाठी माणशी रोज साधारण ४ लिटर पाणी धरा, पिणं आणि जुजबी स्वच्छता दोन्ही मिळून. हे पाणी उघड्या बादल्यांमध्ये भरून ठेवू नका. घरात तसं करणं ठीक असेल. पाळणाघरात मात्र रांगणारं मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. घट्ट झाकणाचे कॅनच हवेत. तसंच टॉर्चचं. नाण्यासारख्या चपट्या सेलचे छोटे दिवे आणू नका. तो सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा करू शकतो. मोठ्या सेलचा, स्क्रूने बंद होणारा टॉर्च घ्या. मेणबत्त्या तर पिशवीत नकोतच. जनरेटर असेल तर तो इमारतीबाहेर, खिडक्या-दारांपासून निदान ६ मीटरवर.

वीज गेली की फ्रीज उघडायचा नाही. बंद फ्रीज सुमारे ४ तास पुरेसा थंड राहतो. आईचं काढलेलं ताजं दूध साधारण २५ अंशांच्या खोलीत ४ तासांपर्यंत चालतं. डब्याचं तयार दूध दोन तासांत वापरायचं, आणि बाळाने तोंड लावलं की तासाभरात उरलेलं फेकायचं. अशा वेळी दूध टाकताना जिवावर येतं, तरी टाका. वीज नाही, दवाखाना लांब, आणि त्यात जुलाब झालेलं बाळ, ही वेळ येऊ देऊ नका.

सातवी पायरी : पालक

पालकांना आधीच एका पानावर सांगा : आम्ही कुठे थांबू, बाहेर पडावं लागलं तर कुठे जाऊ (एक जवळची जागा, एक लांबची), संदेश कसा येईल. संकटाच्या वेळी सगळे एकदम फोन करतात आणि लाइनी तुंबतात. साधा मजकूर संदेश बऱ्याचदा तरीही पोचतो. म्हणून संदेश आधी लिहून फोनमध्ये ठेवा. आमचा पहिला संदेश असा आहे : “सगळी मुलं मोजली आहेत, सगळी सुरक्षित आहेत, आम्ही वरच्या मजल्यावर आहोत. रस्त्यावर पाणी आहे. कृपया आत्ता निघू नका. पुढचा संदेश अर्ध्या तासाने.” शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. आणि अर्ध्या तासाने काही नवीन नसलं तरी संदेश पाठवायचाच. कळवणारं कोणी नाही असं वाटलं की आई-बाप पाण्यात गाडी घालतात.

मूल सोपवताना घाई सगळ्यांनाच असते. यादीत नाव, फोटोचं ओळखपत्र, वेळ, सही. चारही. दाराशी एकच ताई, दुसऱ्या कोणी मूल द्यायचं नाही. ‘मी त्याच्या वडिलांच्या ऑफिसातला’ असं सांगणारा माणूस खरा असेलही, पण यादीत नसेल तर पालकांशी बोलणं झाल्याशिवाय मूल हलणार नाही.

आणि ताईंचं काय? त्यांचीही मुलं कुठल्या तरी शाळेत असतात, घरी म्हातारी माणसं असतात. त्यांच्या घरची सोय योजनेत धरली नाही, तर ऐन वेळी त्यांचं लक्ष दाराकडेच राहील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. कोणाच्या मुलाला कोण आणणार, हे प्रत्येकीशी बोलून लिहून ठेवा.

आठवी पायरी : सराव

महिन्यातून एकदा, पाच-सात मिनिटांचा. मुलांसाठी तो खेळ असतो : ‘उंदीर बिळात’ म्हटलं की रांग, गाठ, चिडीचूप. घाबरवणारे आवाज करायची गरज नाही. ताईंसाठी मात्र दर वेळी एक अडचण घाला. आज संचालिका नाही. आज पुढचं दार बंद. आज वीज नाही. आणि निदान दोनदा झोपेच्या वेळी करा. मुलं रडतील, दुपार वाया जाईल, पालक विचारतील. करा. झोपेतलं मूल उठवून उभं करायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावल्याशिवाय कोणालाच खरं वाटत नाही. आमची पहिली वेळ अकरा मिनिटं होती. त्यातली चार बुटांत गेली. आता बूट एका मोठ्या जाळीच्या पिशवीत असतात. पिशवी उचलायची, पायात तिथे पोचल्यावर.

अडकून बसल्यावर मुलं तुमच्या तोंडाकडे बघतात. खोटं बोलू नका, ‘काही होत नाहीये’ म्हणू नका, त्यांना आवाज ऐकू येतोय. ‘बाहेर मोठा पाऊस आहे. आपण आत आहोत. मी इथेच आहे. पाऊस कमी झाला की आई येईल’ एवढं पुरतं. ‘आई पाच वाजता येईल’ असा वेळेचा शब्द देऊ नका. टॉर्च, गोष्ट, गाणं आणि शी-शूसाठी झाकणाची बादली, चारही गोष्टी आधीपासून त्या खोलीत हव्यात.

नंतर

उघडण्याआधी मोठ्यांनी एकट्याने फेरी मारायची. तुटलेल्या तारा, गॅसचा वास, काचा, लोंबकळत्या फांद्या, वाळूच्या खड्ड्यात साचलेलं काहीबाही. पुराचं पाणी लागलेली कापडी खेळणी, गाद्या, पुस्तकं टाकून द्या. प्लास्टिकची गुळगुळीत खेळणी धुऊन निर्जंतुक करता येतात. भिंत आतून ओली असेल तर रंग देऊन झाकू नका, बुरशी तशीच वाढते. पाणी पिण्यालायक असल्याचं कळेपर्यंत उकळलेलंच.

काही मुलं पुढचे काही आठवडे चिकटून राहतील, अंथरुणात शू करतील, ढग दिसला की रडतील. बहुतेकांचं रोजची घडी बसली की कमी होतं. अनेक आठवड्यांनंतरही वाढतच असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

त्याच आठवड्यात सगळ्या ताई आणि मदतनीस मावशींची एक बैठक घ्या, आठवणी ताज्या असतानाच. कोणाचं चुकलं हा विषय नाही, कुठे अडलं हा विषय. आमच्या अशा एका बैठकीत अर्धा तास फोन आणि संदेशांवर चर्चा झाली. शेवटी मावशी म्हणाल्या, “दोरी चांगली आहे हो, पण गाठी सातच आहेत. त्या दिवशी मुलं नऊ होती. दोघं एकमेकांचा शर्ट धरून आली.” दुसऱ्या दिवशी दोरीला आणखी चार गाठी मारल्या.